जंगलतोडीचा ताप

गेल्या पंधरवड्यात दवाखान्यात बसलेले एक ओळखीचे गृहस्थ हातातल्या वर्तमानपत्राची घडी करीत म्हणाले, "डॉक्टर, ॲमेझॉनचे जंगल तुटले की आपल्या पेपरात बातमी येते. तिथली झाडे तुटली म्हणून आपल्या शिरूर-दौंडला काय होणार? आपल्याकडे बाभूळ, निवडुंग आणि गाजरगवत. तोडायला जंगलच नाही." बाकावर बसलेले सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न चुकीचा नव्हता, आणि पेशंट खोळंबल्यामुळे त्यांना त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. ते आज या सदरातून देत आहे.

आपला भाग पर्जन्यछायेचा. वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही आला तर आला. परंतु आपल्या नद्यांना येणारे पाणी बरेचसे आपल्या पावसाचे नसते. भीमा भीमाशंकरला उगम पावते, घोड आंबेगावच्या डोंगरात, कुकडी जुन्नरच्या पश्चिमेला. (शिरूरला जुनी माणसे आजही घोडनदीच म्हणतात, इतके या नदीचे आणि गावाचे नाते.) या नद्यांच्या माथ्यावर सह्याद्रीचे सदाहरित आणि निमसदाहरित जंगल आहे. भीमाशंकरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा पावसावर वाढणाऱ्या घनदाट रानाला वर्षावन म्हणतात. ॲमेझॉनचे जंगल त्याच जातीचे. ते सातासमुद्रापलीकडे आहे, हे एस.टी.ने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे.

भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ मध्ये शेकरू या मोठ्या खारीसाठी जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर. आजूबाजूच्या डोंगरांवरचे रान मात्र पिढ्यान्‌पिढ्या कोळशासाठी, सरपणासाठी, शेतीसाठी आणि अलीकडे रस्ते, बंगले व पवनचक्क्यांसाठी कमी होत गेले. जुने, हात न लागलेले रान कसे असते हे पाहायचे तर आता आहुप्यासारख्या देवराईत जावे लागते. तेथे देवाच्या धाकाने कोणी कुऱ्हाड नेली नाही म्हणून ते उरले.

जंगल आणि गाव असा विषय निघाला की शिरूरकरांना आधी बिबट्या आठवणार. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन मुले होती. ते दुःख ताजे आहे. परंतु बिबट्याच्या प्रश्नाला एकटी जंगलतोड कारण आहे असे म्हणणे बरोबर नाही. कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला, उसात आडोसा आणि गावात कुत्री-शेळ्या मिळू लागल्या. आज फिरणाऱ्या कित्येक बिबट्यांचा जन्मच उसात झालेला आहे, त्यांनी डोंगर पाहिलेला नाही. तो स्वतंत्र विषय आहे. शिवाय बिबट्या निदान डोळ्यांना दिसतो. जंगल विस्कटले की माणसाकडे येणारे दुसरे काही जीव मोहरीच्या दाण्याहूनही लहान असतात, आणि त्यांच्या पोटातला विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाही. आज त्यांच्याविषयीच अधिक सांगायचे आहे.

माकडे मरू लागली

१९५७ सालची गोष्ट. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचे जंगल आहे. त्या वर्षी तेथे वानरे आणि माकडे झाडावरून पडून मरू लागली, आणि जंगलात लाकडे गोळा करायला जाणाऱ्या माणसांना एकाएकी जबरदस्त ताप येऊ लागला. ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंग ठेचल्यासारखे दुखणे. काहींच्या नाका-हिरड्यांतून रक्त आले. काही दगावले.

ही खबर पुण्यास पोचली. पुण्यात १९५२ पासून विषाणू संशोधन केंद्र सुरू झालेले होते. तेच आजचे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एन.आय.व्ही. कोरोनाच्या काळात हे नाव घरोघरी पोचले, पण संस्थेने पूर्वी केलेले काम फार थोड्यांना ठाऊक आहे. मेलेली माकडे ऐकून शास्त्रज्ञांच्या पोटात गोळा आला, कारण दक्षिण अमेरिकेत माकडे मरणे ही पीतज्वराच्या साथीची खूण समजली जाते. भारतात पीतज्वर नाही, मात्र तो पसरवणारा डास घरोघरी आहे. तो रोग आपल्या देशात शिरला असता तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

सुदैवाने तो पीतज्वर नव्हता. विषाणू नवाच निघाला. रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूचा तो भाऊबंद होता, आणि तो डासामार्फत नव्हे तर गोचिडीमार्फत पसरत होता. रोगाला जंगलाचेच नाव पडले, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. लोक त्याला माकडताप म्हणतात. नाव थोडे अन्यायाचे आहे, कारण माकड बिचारे आपल्याआधी मरते.

आता प्रश्न असा की जंगल तर हजारो वर्षांचे, मग रोग १९५७ मध्ये का दिसावा? विषाणू तेथे बहुधा आधीपासूनच होता. उंदीर, चिचुंद्री यांसारखे लहान प्राणी आणि त्यांच्यावरच्या गोचिडी यांच्यात तो गुपचूप फिरत असावा. दाट जंगलात त्याचे कोणाला काही वाटत नव्हते.

या प्रश्नावर पुण्याच्या केंद्रातून काम करणाऱ्यांपैकी डॉ. बोशेल या कोलंबियाच्या शास्त्रज्ञाची हकीकत सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ते आपल्या देशात पीतज्वराचा शोध घेत होते. गावात डास नाही, तरी लाकूडतोड्यांना पीतज्वर होतो, हे कोडे सुटत नव्हते. एकदा त्यांच्या समोर लाकूडतोड्यांनी एक उंच झाड पाडले. झाड कोसळताच माणसांभोवती निळसर चमकदार डासांचा थवा घोंगावू लागला. हे डास एरवी झाडांच्या शेंड्यांवर, माकडांच्या सोबतीने राहतात, जमिनीवर सहसा येत नाहीत. कुऱ्हाडीने शेंडा खाली आणला आणि त्याबरोबर माकडांचा ताप माणसाच्या खांद्यावर आणून ठेवला.

तेच बोशेल पुढे आपल्याकडे क्यासनूरच्या कामावर आले. त्यांनी १९६९ मध्ये जे मांडले ते थोडक्यात असे. माणसाने जंगलात शेतीचे तुकडे पाडले. मोकळ्या झालेल्या कडेला टणटणीची झुडपे माजली. त्यांत उंदीर-चिचुंद्र्या वाढल्या. गावची गुरे चरायला जंगलात जाऊ लागली. या गोचिडीच्या पिलांना उंदीर, पाखरू, माकड काहीही चालते, पण मोठ्या गोचिडीला मोठे जनावर लागते. दाट रानात तिला ते शोधावे लागे. आता रोज शे-दोनशे गुरे आपणहून दारात येऊन उभी राहू लागली. गुरांना हा रोग होत नाही, पण त्यांच्या रक्तावर गोचिडींची संख्या बेसुमार वाढली. अशा ठिकाणी एखादे माकड रोगाने मेले की त्याच्या अंगावरच्या शेकडो गोचिडी खाली उतरतात आणि पालापाचोळ्यात पुढच्या जनावराची वाट पाहत बसतात. त्या वाटेने मोळी घेऊन माणूस जातो.

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा ताप एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. रोग्याला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

काजूच्या बागा

जंगल तोडले की काय होते याचा सर्वांत कडू धडा १९८३ मध्ये मिळाला. दक्षिण कर्नाटकात बेळतंगडी तालुक्यात काजूची लागवड करण्यासाठी सुमारे ४०० हेक्टर अस्पर्श जंगल सरसकट तोडण्यात आले. त्या हंगामात तेथे माकडतापाची मोठी साथ उसळली. हजाराहून अधिक लोक आजारी पडले, दीडशेच्या आसपास मृत्यू झाले. झाडे तोडणारे मजूर आणि शेजारच्या वाड्यांवरचे लोक यांनाच त्याची झळ लागली. ज्यांच्या नावे काजू लागणार होता त्यांतले किती रानात उतरले असतील, हे वाचकांनीच ठरवावे.

त्यानंतर पुष्कळ वर्षे हा कर्नाटकातलाच रोग समजला जाई. मग २०१२ मध्ये तो बंदीपूरच्या जंगलाकडे दिसला, २०१३ मध्ये केरळात वायनाडला, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात. सह्याद्रीच्या डोंगररांगेने तो उत्तरेकडे आला. गोव्यात आणि दोडामार्गात काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना तो विशेष झाला. कारण साधे आहे. काजू वेचण्याचा हंगाम आणि गोचिडीच्या पिलांचा हंगाम एकच आहे, डिसेंबर-जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत.

गोचीड चावल्यावर तीन ते आठ दिवसांत एकाएकी ताप चढतो. डोळे लाल होतात, कंबर आणि पिंढऱ्या असह्य दुखतात, उलट्या-जुलाब होतात. बहुतेक रोगी दोनेक आठवड्यांत बरे होतात. काहींना मात्र ताप उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा ताप भरतो, हातपाय थरथरतात, भ्रम होतो. शंभरांत तीन ते पाच रोगी दगावतात. नेमके औषध अद्याप नाही. सलाईन, विश्रांती, रक्तस्रावावर लक्ष, एवढेच हाती असते, पण वेळीच इस्पितळात पोचल्यास तेवढ्यानेही जीव वाचतो. पूर्वी एक लस दिली जात असे. तिचा पुरेसा उपयोग होत नसल्याचे दिसल्याने ती बंद झाली आणि नव्या लशीवर काम चालू आहे.

करदोट्याखालचा डाग

आता कोणी म्हणेल, दोडामार्ग कुठे आणि दौंड कुठे. म्हणून जवळचे उदाहरण सांगतो, आणि त्यात माझीच चूक आहे.

काही वर्षांपूर्वी चाळिशीचा एक शेतकरी ताप घेऊन आला. मलेरियाची तपासणी केली, काही निघाले नाही. टायफॉईड समजून गोळ्या दिल्या. ताप हटेना. सातव्या-आठव्या दिवशी धाप लागू लागली, डोळे पिवळट दिसू लागले. त्याची पत्नी सोबत होती. ती सहज म्हणाली, "ह्यांच्या कमरेला काहीतरी चावलंय, काळं पडलंय." करदोटा बाजूला सारून पाहिले तर खाली रुपयापेक्षा लहान, काळी खपली, विडीचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून त्याने सांगितली नाही आणि मी पाहिली नाही. सासुरवाडीला डोंगराकडे गवत कापायला तो पंधरा दिवस राहून आला होता. तेही मी विचारले नव्हते.

तो स्क्रब टायफस होता. झुडपांत आणि उंच गवतात राहणाऱ्या किडीची डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिले चावल्याने तो होतो. स्क्रब म्हणजे खुरटे झुडपी रान. मोठे जंगल तोडून जमीन तशीच सोडली की जे उगवते तेच. या किडीला सावलीचे जुने रान तितकेसे लागत नाही, तिला हे तुटके-फुटके रान, त्यातले उंदीर आणि पावसाळ्याची ओल आवडते. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत या रोगाची साथ आली होती. कित्येक रोगी उशिरा निदान झाल्याने गेले. यातले दुःख असे की माकडतापाला औषध नाही, पण याला आहे, आणि ते स्वस्त आहे. डॉक्सिसायक्लिन वेळेवर सुरू केले तर दोन दिवसांत ताप उतरू लागतो. (गरोदर स्त्रियांसाठी दुसरे औषध असते. आपल्या मनाने कोणतेही घेऊ नये.) माझा रोगी पुण्याला पाठवावा लागला. तो बरा झाला. त्या दिवसापासून चार दिवसांवरचा ताप असलेल्या प्रत्येकाला मी दोन गोष्टी विचारतो: कुठे गेला होतात, आणि कपड्याखाली कुठे खपली आहे का?

पाण्याचे काय?

नद्यांचा विषय वर काढला आहे, तर तोही थोडक्यात पुरा करतो. दाट जंगलात पाऊस थेट मातीवर आपटत नाही. तो पानांवर, फांद्यांवर, पाचोळ्यावर पडतो आणि मुरतो. झाड गेले की तोच पाऊस माती घेऊन धावतो. आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळून गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. तेथे अतिवृष्टी होती, उताराची सपाटीकरणे होती. एकच कारण दाखवता येत नाही. पण उघडा आणि खणलेला डोंगर पावसाला किती वेळ टिकेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

डोंगराची ही माती डिंभ्यासारख्या धरणांत साचते आणि नदीतून खाली येते. गढूळ पाण्यात जंतुनाशक पावडर नीट काम करीत नाही. तिची बरीच शक्ती मातीतच खर्ची पडते. मग कावीळ, हगवण, टायफॉईड. म्हणून पावसाळ्यातल्या पहिल्या लोंढ्याचे पाणी आधी तुरटी फिरवून निवळू द्यावे, चौपदरी फडक्यातून गाळावे, नंतर उकळावे. नुसते गढूळ पाणी घेऊन त्यात औषध टाकून भागत नाही.

एक खुलासा करणे योग्य होईल. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुढे दौंड तालुक्याला जे काळे, फेसाळ पाणी दिसते त्याचा दोष जंगलतोडीला देता येणार नाही. ते वरच्या शहरांचे सांडपाणी आहे. सगळ्या पापांचे खापर एकाच मडक्यावर फोडले की खरे गुन्हेगार सुटतात.

जंगलाबरोबर औषधही जाते. सह्याद्रीच्या सदाहरित रानात, मोठ्या झाडांच्या सावलीत नरक्या नावाचे एक लहान झाड वाढते. नाव त्याच्या उग्र वासावरून पडले असावे. पूर्वी त्याला कोणी विचारत नव्हते. १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांना त्यात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य मिळाले. त्यापासून बनवलेली औषधे आज आतड्याच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगावर जगभर वापरली जातात. त्यानंतर हे झाड मुळासकट उपटून चोरून विकण्याचा धंदा सुरू झाला, आणि वनखात्याने असा माल अनेकदा पकडला आहे. नरक्या निदान कळला तरी. कळण्याआधीच गेलेली झाडे किती, याचा हिशेब कोठे ठेवलेला नाही.

काय काळजी घ्यावी?

आपल्याकडील पुष्कळ मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरतात आणि पावसाआधी परततात. हा काळ नेमका गोचिडींचा. ट्रकवाले, कोकण-गोव्याला सहलीला जाणारे, भीमाशंकरच्या बाजूला रानवाटांनी फिरणारी तरुण मुले, यांनीही पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायघोळ कपडे घालावेत, विजारीचे टोक मोज्यात खोचावे. उघड्या अंगाला किडे पळवणारे तेल किंवा मलम लावावे. दोडामार्गकडे आरोग्य केंद्रातून डेपा तेल मिळते. पाचोळ्यावर आडवे होऊ नये, कपडे झुडपावर वाळत घालू नयेत. परतल्यावर कपडे गरम पाण्यात भिजवावेत, साबणाने अंघोळ करावी, आणि काखा, जांघा, गुडघ्यामागची लवण, कानामागची जागा, करदोट्याखालची जागा घरच्या माणसाकडून तपासून घ्यावी. गुरांवरच्या गोचिडी पशुवैद्यकांच्या सल्ल्याने औषध लावून काढाव्यात, हाताने चिरडू नयेत.

गोचीड चिकटलेली आढळल्यास बारीक चिमट्याने तिला कातडीच्या अगदी लगत धरावे आणि सावकाश सरळ ओढून काढावे. विडीचा चटका देणे, रॉकेल ओतणे हे आपल्याकडचे उपाय करू नयेत. ती घाबरून पोटातले ओकते आणि तेच नको असते. नंतर जागा साबणाने धुवावी व तारीख लिहून ठेवावी.

त्यानंतर तीन आठवड्यांत ताप आला तर अंगदुखीसाठी ॲस्पिरिन घेऊ नये, रक्तस्राव वाढतो. डॉक्टरांकडे जाल तेव्हा कुठे गेला होतात आणि कोणत्या तारखेला, हे त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. रानात किंवा गावाशेजारी माकड मेलेले दिसल्यास त्याला हात लावू नये, मुलांना आणि कुत्र्यांना दूर ठेवावे, आणि त्याच दिवशी वनरक्षकाला किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.